सापगावच्या लेथची चाकं

अनंता टर्नरने गोठ्यातले बैल विकले आणि त्या जागी लोखंड कातायचा लेथ आणून उभा केला. शहाण्या माणसाने असं केलं नसतं, हे सापगावात सगळ्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. त्याची बायको जनाबाई तर कितीतरी दिवस त्या लेथकडे सवतीकडे बघावं तशी बघायची.

पण अनंताचाही इलाज नव्हता. भिवंडीच्या ज्या वर्कशॉपमध्ये त्याची जवानी गेली, ते ब्याण्णव साली बंद पडलं आणि मालकाने यंत्रं भंगारात काढली. त्यात हा विलायती लेथ होता, इंग्रजांच्या काळातला, अनंताच्या हाताखालचा. त्याच्यावर घण पडणार हे ऐकल्यापासून अनंताला अन्न गोड लागेना. शेवटी भंगारवाल्याच्या तोंडचा घास काढून त्याने तो लेथ विकत घेतला.

आणायच्या वेळी धावून आला लडकू, म्हणजे अनंताच्या धाकट्या बहिणीचा, सुंदराचा नवरा. मुरबाडला त्याचं स्वतःचं लहानसं वर्कशॉप होतं आणि काम तो अनंताच्याच हाताखाली शिकला होता. "टेम्पो मी आनतो, चेनकप्पी मी आनतो. तुमी नुसतं उभं रावा, दादा," तो म्हणाला. आणि खरंच, त्या दिवशी तो गड्यासारखा राबला. वजन कमी व्हावं म्हणून त्याने लेथचं जे जे सुटतं ते सगळं सोडवलं आणि गोणपाटात बांधलं. सापगावच्या आळीत टेम्पो शिरेना, तेव्हा खाली पाइप सरकवून, दोर लावून, अख्ख्या आळीने आरडाओरडा करत तो लेथ गोठ्यापर्यंत ओढत नेला. लडकू सगळ्यांच्या पुढे होता.

सामान उतरवून बघतात तर एक गोणपाट नाही. गेलं तेही नेमकं दातेरी चाकांचं. लेथवर आटे पाडायचे, म्हणजे बोल्टवर असते तशी गोल फिरत जाणारी खाच कोरायची, तर ही चाकं लागतातच. जसे आटे हवेत तशी चाकं बदलायची. चाकं नसतील तर लेथ लोखंड सोलेल, भोक पाडेल, पण आटे काही पाडणार नाही.

"पडघ्याच्या पुढं टेम्पोचा मागला फाळका उघडला व्हता वाटतं," म्हणत लडकूने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी रस्त्याने शोधत फिरला आणि रडवेलं तोंड घेऊन परत आला. अनंतानेच त्याची समजूत घातली. "जाऊ द्या, पाव्हनं. तुमी मुद्दाम थोडंच केलंत?"

मग अनंता लेथच्या मागे लागला. रॉकेलने गंज धुतला, नीळ लावून उंचसखल जागा शोधली आणि हाताने खरवडून सपाट केली. दांडा ज्यात फिरतो ते झिजलेले बुश नवे केले, घरच्या लाइटीवर चालेल अशी मोटर बसवली. लेथ सुरू झाला तेव्हा तो असा गुपचूप फिरला, की जनाबाईनेसुद्धा दारात येऊन बघितलं.

कामं येऊ लागली. राइस मिलचे शाफ्ट, पंपाचे बुश. पण आट्याचं काम आलं की अनंताला मान खाली घालून सांगावं लागे, "हे मुरबाडला पाव्हन्यांकडं न्या." असं दोनदा झालं की माणूस तिसऱ्यांदा थेट मुरबाडलाच जाई. ज्याच्या आट्यांचं भिवंडीत नाव होतं, तो गावात अर्धा टर्नर ठरला. हे त्याला फार लागलं. चाकांचं विचारलं की लडकू म्हणे, "कुर्ल्याच्या भंगारात सांगून ठेवलंय, दादा. भेटतील." अनंता त्याचे उपकार मानत राहिला. अशी वर्षं गेली.

दोन हजार चारची खंडेनवमी. या दिवशी कारागीर हत्यारं धुऊन मांडतो आणि हळदकुंकू लावून पूजतो. त्या दिवशी आपलं यंत्र सोडून कोणी दुसऱ्याच्या दारात जात नाही, म्हणून अनंताने बहिणीकडची खंडेनवमी कधी पाहिलीच नव्हती. पण त्या साली परसात झेंडू भरभरून आला होता. घरची पूजा सकाळीच उरकून, सुंदराच्या तोरणाला होतील म्हणून टोपलीभर फुलं घेऊन तो मुरबाडला गेला.

लडकूच्या लेथपुढे पाटावर हत्यारं मांडली होती. त्यांच्या शेजारी, केळीच्या पानावर, चाकं. एका चाकाचा एक दात पितळेचा होता. तुटलेला दात भरून अनंतानेच तो भिवंडीत कानशीने घासला होता. वर्षभर ही चाकं कुठल्या तरी फळीखाली दडवलेली असणार. पण पूजेविना राहिलेलं लोखंड धन्याचा हात खातं, असं टर्नर लोक मानतात. लडकू मेहुण्याला फसवायला भ्याला नव्हता, लोखंडाला भ्याला होता.

तेवढ्यात लडकू अंघोळ करून मागच्या दाराने आला, अनंताला बघितलं आणि आल्या पावली परत गेला. सुंदरा हातात तबक घेऊन तशीच उभी राहिली.

"तुला म्हाईत व्हतं?" अनंताने विचारलं.

"दर वर्साला मीच हळदकुकू लावतंय," ती म्हणाली. मग तिने तबक खाली ठेवलं. "तुला शेत हाय, दादा. आमाला ह्या लेथबिगर काय हाय? मुरबाडात बसूनसुदीक लोक इचारायची, अनंता टर्नर कुठं भेटल? तुज्याकडं आटे पडले असते तर आमच्याकडं कोन आलं असतं?"

"पाव्हनं परक्या घरचं, गो. त्यांचं मी गिळीन. पन तू? ह्याच हातानं मला भाऊबीजेला ओवाळलंस?"

चाकं उचलावीत असं अनंताच्या मनात आलं, पण पूजेला बसवलेलं लोखंड दसऱ्याआधी हलवत नाहीत. इतका संताप झाला तरी त्याच्याच्याने तो रिवाज मोडवेना. फुलांची टोपली ठेवून तो निघाला.

दसऱ्याला सुंदराच चाकं घेऊन सापगावला आली, सोबत आपट्याची पानं. त्या दिवशी सोनं नाकारत नाहीत, म्हणून अनंताने ते घेतलं. चाकंही घेतली आणि तडक गोठ्यात गेला. जनाबाईने नणंदेला चहा दिला, तिची ओटी भरली. सुंदरा बराच वेळ गोठ्याच्या दाराकडे बघत बसली आणि मग एकटीच स्टँडवर गेली.

अनंताने चाकं चढवली आणि बारा वर्षांनी आटे पाडले. असे साफ पडले, की नट बोटाच्या एका फिरकीने शेवटपर्यंत गेला. लहानपणी भिंगरी केली तेव्हापासून हाताने काहीही बनवलं की तो आधी सुंदराला दाखवायचा. आत्ताही तो बोल्ट मुठीत धरून लगबगीने ओटीवर आला. मुरबाडची गाडी निघून गेली होती.

"कुनाला दावायचं हाय?" जनाबाईने विचारलं.

"कुनाला नाय," तो म्हणाला.