जपलेले हात

लग्न झाल्यापासून मी ह्यांना पाण्याची बादली उचलू दिली नाही. तपकिरीच्या काचेच्या बाटलीत, करंगळीही शिरणार नाही अशा तोंडातून वाकडी कुंचली घालून हे आतल्या बाजूनं चित्रं काढायचे. हात जरा थरथरला की चित्र गेलं. आमचं सगळं बोशान गाव हसायचं, "बायकोनं नवरा काचेत ठेवलाय!" हसू देत मेल्यांना.

त्या उन्हाळ्यात दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरापोरींची टोळी क्रांतीच्या घोषणा देत, जुन्या वस्तू फोडत आमच्या गल्लीत शिरली. ह्यांच्या बाटल्यांत जुन्या काळच्या राण्या होत्या.

"अहो, चित्रांवरून काळं फासा!"

"खुळी आहेस का? बाटलीत पहिली रेघच कायम बाहेरून दिसते, नंतरचा रंग तिच्यामागे जातो. धुवायलाच हव्यात."

गरम पाणी ओतून आम्ही राण्या मोरीत सोडल्या. तेवढ्यात दार धडधडलं, ह्यांच्या नावानं हाक आली. "श्वे, उघड!"

टोळीनं बाटल्या उजेडात धरल्या. कोऱ्या. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांची म्होरकी म्हणाली, "दोघं हात पुढे करा."

माझ्या तळव्यांना घट्टे. ह्यांचे वाफवलेल्या पावासारखे मऊ, पांढरे.

"हे कष्टकऱ्याचे हात नाहीत," ती म्हणाली.

आणि मी जन्मभर जपलेले ते हात तिनं दोरीनं मागे बांधले.