मेश्रामकाकू आणि लाइनपारची बस

सभागृहातला एसी चालू ठेवायचा की बंद करायचा, यावर मतदान घ्यायला लावणारी बाई मी माझ्या नोकरीत एकच पाहिली. जानेवारीचा महिना होता, अध्यक्षांना एसीशिवाय सभा सभेसारखी वाटत नसे, आणि बाकीचे पार्षद, म्हणजे मराठीत नगरसेवक, शाली गुंडाळून गप्प बसले होते. मेश्रामकाकू उठल्या आणि म्हणाल्या, “अध्यक्षजी, जिसको ठंड लग रही है, वो हाथ ऊपर करे.” सगळे हात वर झाले. एसी बंद झाला आणि अध्यक्षांचं तोंड दुपारपर्यंत बंद राहिलं. त्या दिवशी मला ही बाई फार आवडली होती. पुढे त्या मला किती छळणार आहेत ते मग कळलं.

रायपूरच्या हद्दीला चिकटून आमची छोटी नगरपालिका आहे आणि मी तिथे सभेचं कामकाज लिहून घेते. कामकाज सगळं हिंदीत. मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातली (इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात), घरी मराठी बोलणारी. पार्षदांमध्ये मराठी म्हणजे मेश्रामकाकू एकट्याच. मूळ भंडाऱ्याकडच्या, रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्य काढलेलं, निवृत्तीनंतर लाइनपारच्या वॉर्डातून निवडून आलेल्या. रुळांच्या पलीकडची वस्ती म्हणून ती लाइनपार. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पोरांचे असतात तसले पांढरे बूट, कारण गुडघे गेलेले. सभेत मनासारखं बोलता आलं नाही की सभा संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उरलेलं सगळं त्या मराठीत माझ्यावर काढत. मी जेवणाचा डबा उघडलेला असला तरी त्यांना फरक पडत नसे.

आमच्या नगरपालिकेची एक रीत होती, आणि आता ती मोडली आहे म्हणून सांगायला हरकत नाही. अडचणीचा विषय नाश्ता येईपर्यंत मागे ठेवायचा. समोसे आले, चटणी वाटली गेली, तोंडं भरली, की अध्यक्ष विचारायचे, “पास?” एका हातात समोसा असल्यामुळे सगळे दुसऱ्या हाताने टेबल थोपटायचे. झालं, विषय सर्वानुमते मंजूर. कोण बाजूने होतं, कोण विरोधात, कुणालाच कळायचं नाही, आणि कळू नये हीच सगळ्यांची इच्छा असायची. काकू समोशाला कधी हात लावत नसत. त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “हाथ गिनिए.” मग पार्षद हातातले समोसे खाली ठेवायचे, बोटं पुसायचे, एकमेकांकडे बघायचे. नालीच्या झाकणांपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत प्रत्येक विषयाला हेच. मी हात मोजून थकायचे.

घरीही त्यांचं हेच चालायचं. मुलगा आणि सून भुसावळला रेल्वेत, आणि नात पिंकी लहानपणापासून आजीजवळ. दोघींच्या घरात भेंडी की वांगी यावर एक-एक मत पडायचं. मग मी तिथून जात असले की मला आत बोलावून तिसरं मत मागायच्या. मी भेंडी म्हटलं आणि वांगी हरली, तर काकू तोंड वाकडं करून भेंडी चिरायला बसायच्या. पिंकी हसायची. तिला मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. “मावशी, आप रोज आया करो. अकेली मैं कभी नहीं जीतती.”

आणि याच पिंकीसाठी बस हवी होती. म्हणजे हवी सगळ्या लाइनपारला होती. रायपूरच्या समता कॉलोनीत घरकाम करणाऱ्या बायकांना, सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांनाच. पण पिंकीला रायपूरच्या कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आणि तिथे सकाळी सातला हजर राहावं लागायचं. त्या वेळेला एकही ऑटोवाला रुळांच्या पलीकडे जात नाही. भुसावळहून तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं होतं की बस असेल तर पोरगी आजीकडे राहील, नाहीतर सरळ होस्टेलला. आजीने काही बोलायचं कारण नाही. काकूंनी दीड वर्ष खपून बसचा प्रस्ताव उभा केला. बसवाला तयार होता, फक्त त्याचा तोटा नगरपालिकेने भरून द्यायचा. पैसे मात्र तेवढेच होते, आणि त्याच पैशांत वॉर्डावॉर्डातल्या सामुदायिक भवनांची दुरुस्तीही बसत होती. भवनं म्हणजे लग्नं. लग्नं म्हणजे मतं.

मी अध्यक्षांना दोनदा जाऊन भेटले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मैडम, नाश्ते के समय रख देंगे. थपथपा देंगे. बस आ जाएगी. आप सिर्फ दीदी को बिठा के रखिए.” मी काकूंच्या घरी गेले आणि अगदी हात जोडून सांगितलं, “काकू, आज तेवढं उठू नका. एक दिवस. पिंकीसाठी.”

त्या साडीला इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात बालवाडी होती, माहीत हाय तुले? टेबल ठोकून सुरू झाली अन् टेबल ठोकूनच बंद झाली. कोणी बंद केली थे विचाराले मी दारोदार गेली. सगळे म्हणे, सगळ्यायनं मिळून केली. सगळ्यायनं म्हंजे कोणीच नाही. आता भांडू कोणासंग?”

“काकू, बालवाडीचं मला सांगू नका. आज उठणार आहात की नाही ते सांगा.”

“बघू,” त्या म्हणाल्या. तेव्हाच मला धडकी भरायला हवी होती.

सभेत सगळं ठरल्यासारखं झालं. समोसे आले. अध्यक्षांनी घाईघाईने बसचा विषय वाचला आणि विचारलं, “पास?” पहिली थाप पडलीसुद्धा. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरे बूट टेबलाखालून मागे सरकले, खुर्ची करकरली आणि मेश्रामकाकू उभ्या राहिल्या. “हाथ गिनिए, अध्यक्षजी.” अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच उठले होते.

पुढे काय होणार हे मला आणि अध्यक्षांना, दोघांनाही दिसत होतं. टेबल थोपटताना कुणी कुणाचा नसतो. हात वर करायचा म्हटलं की प्रत्येकाला आपला पारा आठवतो. कुम्हारपाऱ्याचे साहूजी, ज्यांनी पहिली थाप मारली होती, तेच हात मांडीवर ठेवून छताकडे बघत बसले. भवनाची दुरुस्ती सोडून लाइनपारच्या बसला हात वर केला, हे त्यांच्या वॉर्डात कळलं असतं तर लोकांनी त्यांना दारात उभं केलं नसतं. एकाने खाली ठेवला म्हणून दुसऱ्याने ठेवला. दोन हात कमी पडले आणि बस गेली. काकूंचा हात सगळ्यांचं मोजून झाल्यावरही थोडा वेळ वरच होता.

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मात्र राहवेना म्हणून गेले, तर पिंकी बॅग भरत होती. आजीकडे न बघता ती माझ्याशी बोलत होती. “मावशी, बताओ, कोई अपनी ही बस गिराता है? सब लोग दे रहे थे. इनको बस बैठे रहना था.”

“देऊन राहिले होते, थेच तं,” काकू म्हणाल्या. “कोणाच्या खुशीनं आलेली बस त्याच्या रुसव्यानं जाईन. मंग तू अर्ध्या कॉलेजात काय करशीन?”

“आजी, तब का तब देखते.”

खरं सांगायचं तर माझंही मत पिंकीसारखंच होतं. काकू उठल्या, बॅगेतले घडी घातलेले कपडे काढून पुन्हा नीट घडी घालायला लागल्या. पोरगी दुसऱ्या दिवशी होस्टेलला गेली.

त्यानंतरचं वर्ष आमच्या पार्षदांना विसरता येणार नाही. काकू रोज एका पाऱ्यात जायच्या. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था मला माहीत होती, पण अडवायची हिंमत नव्हती. नळावर, बचत गटाच्या बैठकीत, कुठेही बायका जमल्या असल्या की जाऊन बसायच्या आणि एवढंच सांगायच्या की बसच्या वेळी तुमच्या पार्षदाचा हात खाली होता, का होता ते त्याला विचारा. शिव्या नाहीत, भाषण नाही. साहूजी एकदा माझ्या टेबलापाशी येऊन मटकन बसले. “मैडम, दीदी को समझाइए. मोहल्ले वाले पूछते थे, वहाँ तक ठीक था. अब घर में घरवाली पूछ रही है. खाना परोस के पूछती है.” मी म्हटलं, मला समजावता आलं असतं तर तुमच्यावर ही वेळच आली नसती.

पुढच्या बजेटच्या सभेत बसचा विषय निघाला तेव्हा काकूंना उठावंही लागलं नाही. हात आपोआप वर झाले, सगळेच्या सगळे. पण फुकट नाही. साहूजींनी हात वर ठेवूनच सांगितलं की बस कुम्हारपाऱ्यातून जाईल. मग यादवपाऱ्यातून. मग तळ्याला वळसा घालून बांधापाऱ्यातून. प्रत्येक हाताबरोबर एक वळण वाढत गेलं. सरळ रस्त्याने रायपूर स्टेशन वीस मिनिटांवर, आणि ही बस सव्वा तास घेणार. मी चिडून काकूंना म्हटलं, “अहो, ही बस आहे की वरात?”

“फिरू दे,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या दारावरून गेली, थो तिले बंद करू देणार नाही.” त्यांना मनापासून आनंद झाला होता. मला फक्त तो सव्वा तास दिसत होता.

बस सुरू झाली. दर रविवारी काकू डबा घेऊन तिने होस्टेलला जायच्या, पूर्ण चक्कर मारून. पिंकी मात्र होस्टेलवरच राहिली, त्या बसमध्ये एकदाही बसली नाही. सुट्टीत यायची ती टॅक्सीने, आणि पुढे बिलासपूरला नोकरी लागल्यावरही स्टेशनवरून टॅक्सीनेच. काकू प्रत्येक वेळी फोनवर सांगायच्या, “बसनं येजो.” ती म्हणायची, “आजी, उतने में तो मैं वापस बिलासपुर पहुँच जाऊँगी.” यात चेष्टा किती आणि राग किती, हे त्या दोघींनाच ठाऊक. तरी ती यायची असली की काकू बसच्या थांब्यावर जाऊन बसायच्या, आणि टॅक्सी त्यांच्यासमोरून घराकडे निघून जायची. मग त्या हळूहळू चालत मागून यायच्या.

एकदा मी विचारलंच. काकू आजारी होत्या, दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या. म्हटलं, “त्या दिवशी उठला नसतात तर पिंकी चार वर्षं तुमच्याजवळ असती. कधी वाटतं का?”

“रोज वाटते,” त्या म्हणाल्या. “माणसाले वाटत नाही का? एकटीचा सैपाक करून राहिली मी तवापासून.” मग म्हणाल्या, “पण आजही उठीनच. तू चिडू नको.” मी चिडलेच. अशा माणसाशी पुढे काय बोलायचं असतं?

महिनाभरात त्या गेल्या. भुसावळहून मुलगा-सून रात्रीच पोहोचले होते, पिंकी बिलासपूरहून सकाळच्या गाडीने येणार होती. घरात त्रिशरण, पंचशील झालं. अंगणात लोक उभे होते, ऊन चढत होतं, आणि पिंकीचा पत्ता नव्हता. अध्यक्षांनी आपली गाडी स्टेशनवर पाठवली होती. ती रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, बेबीने नाही म्हटलं, बसने येते म्हणाली.

आम्ही थांबलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. तिरडीपाशी उभा असलेला काकूंचा मुलगा घड्याळाकडे बघत होता. अध्यक्ष रुमालाने मान पुसत माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “मैडम, इतना घुमाव किसने रखवाया था इस बस का?” शेजारी साहूजी उभे होते. ते खाली बघू लागले. मला त्या क्षणी काकूंचा इतका राग आला की त्या समोर निजलेल्या नसत्या तर मी भांडले असते. मरणाच्या दिवशीसुद्धा या बाईने सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं.

मग बस आली, आणि नेहमीच्या थांब्यावर न थांबता सरळ गल्लीच्या तोंडापर्यंत आली. दार उघडलं आणि बायका उतरायला लागल्या. कुम्हारपाऱ्याच्या, यादवपाऱ्याच्या, बांधापाऱ्याच्या. पांढऱ्या साड्या, कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या हातात फुलं, कडेवर पोरं. एवढ्या बायका त्या बसमध्ये मावल्या कशा, मला कळेना. उतरतच होत्या. साहूजींची बायकोही त्यांच्यात होती. अंगण भरलं, गल्ली भरली.

पिंकी सगळ्यांच्या शेवटी उतरली. केस विस्कटलेले, ओढणी चुरगळलेली, खांद्यावरची बॅग कुणीतरी धरलेली. ती माझ्यापाशी आली आणि दारातल्या आजीकडे बघत म्हणाली, “मावशी, पूरे रास्ते बैठने को जगह ही नहीं मिली.” आणि मग तिला रडू फुटलं.