मैनेच्या डोळ्याखालचा भोवरा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत, भाजीबाजारात, मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. त्याच्या शेजारच्या पगारे वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "ताई, लगेच या." तेवढ्यावरून कळतंच. तरीही मी ती जुडी घेतली, पिशवीत नीट उभी ठेवली आणि मगच रिक्षा शोधली. माणूस अशा वेळी असलीच कामं करत बसतो. त्याला आता पाच आठवडे झाले. माझा थोरला भाऊ, सहासष्ट वर्षांचा, माझी वहिनी गेल्यापासून एकटा राहणारा, झोपेतच गेला. लोक म्हणतात, सुखाचं मरण आलं. असेल. मला मात्र त्याची माफी मागायची होती. तिला बावन्न वर्षं उशीर झाला होता, आणि आणखी थोडा उशीर चालेल असं मी धरून चालले होते…

दादाला घोड्यांचं वेड कुठून लागलं कोणास ठाऊक. आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं. आज तिथं नजर जाईल तिकडे द्राक्षं दिसतात, तेव्हा बाजरी होती आणि बैल होते. घोडं दिसायचं ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर यायचे तेव्हा. त्यांच्या तट्टांवर बिऱ्हाड लादलेलं असायचं, वर एखादी कोंबडी आणि एखादं मूल. ते आले की दादा घरातून गायब. आई मला पाठवायची आणि तो हमखास त्यांच्या मेंढवाड्याशी सापडायचा, एखाद्या मरतुकड्या तट्टाच्या मानेला टेकून उभा. धनगर पुढे निघून गेले की मग घोडा मीच. माझ्या पाठीवर पोतं टाकून तो मला अंगणभर फिरवायचा, आणि मी दमून बसले की काय गोड बोलायचा! माणसांशी तो इतकं गोड कधी बोलला नाही.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची बदली टेकडीपलीकडच्या वस्तीवर झाली. रस्ता नव्हता, सायकल खांद्यावर घ्यावी लागायची. तेव्हा दादानं हळूच सुचवलं, घोडी असती तर… बाबा हसले, पण महिनाभरात वणीच्या बाजारात गेले. दादाला बरोबर नेलं. त्या दिवसाची गोष्ट दादानं मला इतक्या वेळा सांगितली की मीच तिथं होते असं वाटतं. घोडेवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "गुरुजी, खोटं नाय बोलायचो. हिच्या डोळ्याखाली भोवरा हाय. आसूढाळ म्हणत्यात त्याला. मालकाला रडवती. म्हणून कोणी घेईना." आमचं घर बौद्ध. देव-देवस्की आजोबांनीच सोडलेली, आणि बाबा तर गावोगाव भाषणं देणारे. ते म्हणाले, "केसांनी कुठं वळायचं ते केसांना ठरवू द्या. चालते कशी ते दाखवा." ती सुरेख चालली. दादाला पहिली घोडी मिळाली आणि पठ्ठ्या वणीपासून घरापर्यंत तिच्यावर बसलाच नाही. ती दमेल म्हणून दोरी धरून चालत आला. तिचं नाव त्यानं वाटेतच ठेवलं होतं, मैना.

पुढचे आठ महिने मी दादाला जसं पाहिलं तसं नंतर कधी पाहिलं नाही. पहाटे तिला खरारा करायचा, मग बाबांना शाळेत सोडून तिला परत आणायचा, मग स्वतःच्या शाळेत धावत जायचा. आमच्या वस्तीतल्या माणसानं घोडीवर बसून गावातून जावं हे पाहून काही जणांच्या पोटात दुखलं. बाबा त्यांना घोडीवरूनच नमस्कार करायचे. दादा लगाम धरून पुढे चालायचा, मान अशी ताठ की मला हसू यायचं. चौदा वर्षांचा होता तो.

मग बाबांना कावीळ झाली. अंगावर काढली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि पंधरा दिवसांत ते गेले. माणसं भेटायला येत होती. आत्या ओसरीवर बसून म्हणाली, "आसूढाळ घोडी दारात बांधली, दुसरं काय होणार." आई उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हती. मी नऊ वर्षांची होते, आणि ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. बाबा सगळ्या गावांना समजावत आले, घरातली पोर समजवायची राहिली. मी मैनेजवळ जाईना, अंगणात उतरेना. ती घोडी दारात असेपर्यंत जेवणार नाही, आता ती आईला खाईल, असं मी म्हणत सुटले. आईनं समजावलं, मारलंही. तीन दिवस मी अन्नाला शिवले नाही. चौथ्या दिवशी सकाळी दादा मैनेला घेऊन निघाला, नाशकापर्यंत चालत गेला, पंचवटीतल्या एका टांगेवाल्याला ती देऊन संध्याकाळच्या एसटीनं परत आला. आल्यावर हातपाय धुतले आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या… हे लिहिताना अजूनही लाज वाटते.

त्यानं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. तो कारकून झाला, त्यानं नाशिकमध्ये छोटं घर बांधलं, माझं लग्न लावून दिलं. घोड्याचं नाव आमच्यात वर्षानुवर्षं निघालं नाही. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, अंधश्रद्धेवर मुलांना धडे दिले. मीही पुन्हा कधी घोड्याजवळ गेले नाही. रस्त्यात टांगा दिसला की पलीकडून जायचे.

शेवटचं भेटले ते तो जाण्याच्या दोन आठवडे आधी. तो शेंगा सोलत होता. का कोणास ठाऊक, मी विचारलं, "दादा, तू मानत होतास का रे ते भोवऱ्याचं?"

"छट्. बाबांचा पोरगा ना मी?"

"मग का नेलीस तिला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू जेवत नव्हतीस, सुमे."

तिथंच माफी मागायला हवी होती. तोंड उघडलं तोवर तो उठला, म्हणाला, "चहा टाकतो." आणि मी त्याच्या उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमलो त्या दिवशी पगारे वहिनी म्हणाल्या, "कुठलीही वरात गल्लीत आली की भाऊ गूळ घेऊन फाटकात उभे. नवरदेवाकडे बघायचे पण नाहीत." वीस मिनिटांवर राहणाऱ्या बहिणीला हे ठाऊक नव्हतं. तो माझ्यापुढे घोड्याकडे कधी बघत नसे. मला त्रास होऊ नये म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं आपलं एवढं मोठं प्रेम माझ्यापासून लपवून जपलं.

परवा त्याचं घर आवरायला गेले होते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ताशे वाजू लागले. मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात गूळ होता. तो घेऊन मी फाटकात जाऊन उभी राहिले. पांढरी घोडी समोर आली आणि आपणहून थांबली. लगाम धरणाऱ्यानं विचारलं, "गूळवाले बाबा नाय दिसत आज?" मी म्हटलं, "गेले ते. मी बहीण त्यांची." त्यानं लगाम सैल सोडला. मी तळवा उघडून पुढे केला. तिच्या नाकातली ऊब हाताला लागली, खरखरीत ओठ फिरले, गूळ संपला तरी ती तळवा चाटत राहिली. मग मी दुसरा हात तिच्या डोळ्याखाली ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "दादा, चुकलं माझं." ताशांच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही. वरात पुढे गेली, गल्ली रिकामी झाली. बावन्न वर्षांनी मी घोडीला हात लावला होता, आणि ते ज्याला सांगावंसं वाटत होतं तोच एक माणूस घरात नव्हता.