आईला रिकामा डबा लागतो

डब्याचं झाकण उघडलं की तो दोन बोटांनी भाकऱ्या उचलून माझ्या ताटलीत ठेवायचा. म्हणायचा, "घे बाबा. आईला रिकामा डबा लागतो."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो. उसाची गाडी भरून आत जाताना एक वजन, रिकामी बाहेर पडताना दुसरं. दोघांचीही पोटं टेबलाला टेकायची, त्यामुळं आमचं छान जमायचं. तो घरच्या डब्यावर पोसलेला, मी एकटा जीव, कँटीनवर.

मग बारामतीच्या डॉक्टरनं दोघांनाही एकाच दिवशी झापलं. भात, भाकरी, साखर बंद. अंडी, पनीर, मोडाची मटकी चालू. मी आठवडाभर कसंबसं पाळलं. त्यानं मात्र मनावरच घेतलं. टपरीवरची उकडलेली अंडी मिटक्या मारत खायचा, वर बिनसाखरेचा चहा. साखर कारखान्यात बसून बिनसाखरेचा चहा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

घोळ एकच होता. सांगवीत त्याची म्हातारी आई पहाटे उठून त्याच्या डब्यासाठी बाजरीच्या भाकऱ्या थापायची.

"अरे, सांगून टाक की तिला," मी म्हणालो.

"कसं सांगू? डोळ्यानं धड दिसत न्हाय तिला. तेवढं एकच काम ऱ्हायलंय हातात. नको म्हटलं तर खचंल ती."

रात्री त्याची बायको सांभाळून घ्यायची. दुपारी मी. अन्न टाकायचं तर नाही, म्हणून त्याच्या भाकऱ्या माझ्या पोटात.

तो वाळत गेला तशी आई भाकऱ्या वाढवत गेली. दोनाच्या तीन झाल्या. त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पडली, माझ्या शर्टाची बटणं तुटली. ड्रायव्हर त्याला म्हणायचे, "काय राव, लग्नाचं पोरगं दिसताय!" आणि मला, "साहेब, कितवा म्हैना?" तुम्हीच सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

एका रविवारी डोकं फिरलं. उठलो आणि सांगवी गाठली. म्हातारीला सगळं सांगून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं. तो रानात गेला होता. आई चुलीपुढं बसली होती. मी कोण ते सांगितलं, तर तिनं माझा दंड चाचपून बघितला.

"कसं भरल्यालं अंग हाय तुमचं! आन् आमचं बघा. डबा तर पुसून आणतंय, पर पाठीवर हात फिरवला की बरगड्या लागत्यात. काय रोग तर न्हाय ना वं त्याला?"

वाक्य ओठांवर आलं होतं. मेलं, तिथंच अडकलं.

"न्हाय आई. डॉक्टरच म्हणालाय, हाय हे बरं हाय."

"व्हय? मग बरं." तिनं माझ्यापुढं ताटली सरकवली. "तुमची आई काय करती डब्याला?"

"ती मी लहान असतानाच गेली."

तिनं चाचपडत आणखी एक भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा.

दुसऱ्या दिवशी डब्यात चार भाकऱ्या. एक फडक्यात वेगळी गुंडाळलेली. "ही तुझी म्हणं," तो म्हणाला आणि अंडं हातात घेऊन हसत सुटला. बाकीच्या तीनही माझ्याच, हे तिला कोण सांगणार? चारही खाल्ल्या. खरं सांगतो, त्याच्या सपाट पोटापेक्षा त्या चुलीपुढच्या म्हातारीचा मला जास्त हेवा वाटला.

गेल्या हंगामानंतर त्याला इंदापूरकडच्या एका कारखान्यात मोठी जागा मिळाली. बिऱ्हाड हलवलं, आईलाही नेलं. मी दुपारी कँटीनमध्ये दोन घास खातो आणि उठतो. वजन आपोआप उतरलं. ड्रायव्हर विचारतात, "काय साहेब, डाएट का?" मी म्हणतो, "व्हय."

तिकडच्या काट्यावर त्याच्या शेजारी कोण बसतो, मला ठाऊक नाही. पण मेल्याचं पोट सुटलं असणार.