तांब्यावरची अक्षरं

आमच्या चाळीत एक काळ असा होता की दर महिन्याला कुणाच्या तरी घरात स्टीलचं नवं भांडं यायचं. घरातलं तांबं-पितळ पिशवीत भरायचं, पिंपरी कॅम्पात नेऊन मोडीत घालायचं आणि बदल्यात चकचकीत डबे, ताटं, पेले घेऊन यायचं. येताना पिशवीचं तोंड मुद्दाम उघडं ठेवायचं, म्हणजे शेजारणींना आतलं नीट दिसावं. आमच्याकडे मात्र सगळी उलटी गंगा. माझी बायको त्याच दुकानांत जायची आणि लोकांनी मोडीत घातलेलं उचलून घरी आणायची.

पितळी अडकित्ता, एका बाजूला कललेली समई, किल्ली हरवलेलं कुलूप, पोचे पडलेली फुलपात्रं. दोन खोल्यांचं आमचं घर, त्यात फळीवर, फळीखाली, खिडकीत हाच पसारा. मी कुरकुर करायचो. मी कंपनीत टूलरूमला होतो, म्हणजे जिथे मशीनचे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे. केसाच्या जाडीचा फरक पडला तर जॉब रिजेक्ट करणारी आमची जात. मला नवं, सरळ, गुळगुळीत आवडायचं. तिला वापरून झिजलेलं आवडायचं. असं हे लग्न.

त्यातून त्या भांड्यांवर नावं. पूर्वी भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. बाजारात एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असे आणि तो ठिपक्याठिपक्यांनी नाव ठोकून देई. त्यामुळे आमच्या घरात दहा-पंधरा परक्या बाया नांदत होत्या. कुणी सौभाग्यवती, कुणाला मामाकडून सप्रेम भेट. मी एकदा विचारलं, या सगळ्या जणी आपल्याकडे जेवायला आल्या तर काय करायचं? ती चिंच लावून फुलपात्र घासत होती. नावाशी आली की तिचा हात हलका व्हायचा. ती म्हणाली, नाव घातलंय म्हणजे कुणीतरी हौसेनं घातलंय, त्याला भंगारात कसं जाऊ द्यायचं. हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिची बरीच वाक्यं मी तेव्हा अशीच सोडून देत असे.

पण तिच्या हाताचं मला पहिल्यापासून कौतुक होतं, ते मी लपवणार नाही. कंपनीत हात पुसायला आम्हाला सुताचे गुंते मिळायचे. त्यातला माझ्या वाटणीचा, जुना झालेला, मी घरी आणला की ती त्यातले रंगीत धागे एक एक करून सोडवायची, धुवायची आणि त्यांनी गोधडीला टाके घालायची. तिच्या गोधडीचा टाका मी एकदा गंमत म्हणून स्टीलच्या पट्टीनं मोजला. वीतभर अंतरात एकही टाका कमी-जास्त नाही. पट्टी नाही, खूण नाही, बोलता बोलता घातलेले टाके. मी सायकलच्या तारेला धार लावून, टोक वळवून तिला क्रोशाची सुई करून दिली, तेव्हा तिनं ती ओठांवरून फिरवून बघितली आणि म्हणाली की एका ठिकाणी खरखरीत आहे. मी दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं. होती खरखरीत. तेव्हापासून मी तिला मनातल्या मनात इन्स्पेक्टर म्हणू लागलो. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते खंडेनवमीचं. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होते. आदल्या दोन दिवसांत मशीन रॉकेलनं धुऊन काढायचं, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, प्रत्येक खात्याची दुसऱ्याशी चढाओढ. त्या दिवशी घरच्या माणसांनाही कंपनी बघायला आत सोडायचे, त्यामुळे बायकांसमोर छाप पाडायची ती संधी. त्या वर्षी कलश मी आणतो, असं मी जाहीर करून बसलो. बायको घट बसले तेव्हापासून चाकणच्या पुढं माहेरी, भावाकडे गेली होती आणि पूजेच्या दिवशी एसटीनं परस्पर कंपनीत येणार होती. मी फळीवरून एक तांब्याचा तांब्या उचलला. आकार सुरेख होता. काळवंडलेला, दोन पोचे, आणि गळ्याखाली नावाची वेडीवाकडी अक्षरं, एक मोठं तर एक बारकं, सगळी ओळ वर चढत गेलेली. वाटलं, आणखी एक परकी बाई.

मी तो कंपनीत नेला, आधी पॉलिश पेपरनं घासला आणि मग बफिंगच्या चाकावर धरला. अक्षरं आधी जरा हट्टाला पेटली. मीही पेटलो. मग ती गेली. अर्ध्या तासात तांब्या असा झाला की आमचा फोरमनसुद्धा बघायला आला. एक जण म्हणाला, राव, यात बघून दाढी करता येईल. मी नारळ ठेवला, पानं लावली आणि माझ्या ग्राइंडिंग मशीनवर मधोमध कलश मांडला.

ती कंपनीच्या फाटकाशी चाळीतल्या बायकांना गाठून त्यांच्याबरोबर आत आली. हळद-कुंकू वाहायला पुढं झाली आणि तिचा हात कलशाशी थांबला. तिनं तो थोडासा फिरवला, मग आणखी थोडा, पार पहिल्या जागी येईपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. पेढा घेतला, मशीन काय काम करतं ते विचारलं, मी सांगितलं ते ऐकून घेतलं. मी कौतुकानं इतका फुगलो होतो की ती थक्क झाली आहे असं मला वाटलं. आज ते आठवलं तरी कान तापतात.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"हितं माझ्या आईचं नाव व्हतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, एवढंच ना, नाव सांग, मी परत घालतो, मोजून, रेघ मारून, अगदी सरळ.

"नाव मला ठावं हाय. ते आईनं सोताच्या हातानं लिहिलं व्हतं. तिनं जन्मात तेवढंच लिहिलं."

मग तिनं सगळं सांगितलं. ती चौथीत असताना तिनं आईला चुलीपुढच्या राखेत बोटानं नाव काढायला शिकवलं होतं. आईला तेवढंच यायला लागलं. खेडच्या बाजारात तांब्या घेतला तेव्हा नाव घालणाऱ्यानं विचारलं, काय घालू? तर आईनं त्याच्याकडचा खडू घेतला आणि भर बाजारात, माणसं बघत असताना, स्वतः नाव लिहिलं. त्यानं त्या खडूवरून ठोकलं. आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आई गेली. फोटो एकही नव्हता, माहेराहून तिनं आणला तो एवढा तांब्या.

मला लाज वाटायला हवी होती, पण मला आधी राग आला. माझा स्वभावच तसा, चूक माझी निघाली की आवाज माझाच चढतो. मला आधी सांगायला काय झालं होतं, एवढी महत्त्वाची वस्तू भंगाराच्या रांगेत ठेवतात का, असं बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुमी कदी इचारलं?" आणि माझ्या ध्यानात आलं की मी ते नाव वाचलं असूनही ओळखलं नव्हतं, कारण सासूबाईंचं नाव मला माहीतच नव्हतं. सासरी सगळे त्यांना बाई म्हणायचे. मीही बाई म्हणायचो. लग्नपत्रिकेत सासऱ्यांचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. ज्या बाईनं मला सासरी जाईन तेव्हा वाफाळत्या भाकऱ्या वाढल्या, तिचं नाव मी परक्या बाईचं समजून चाकावर घासून टाकलं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. डबा वेळेवर मिळत होता, त्यानं तर जास्तच अपराधी वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आलो तेव्हा ती दारात बसून तांब्या आतून चिंचेनं घासत होती. एकदम तिचा हात थांबला. तिनं डोळे मिटले आणि आतल्या आत बोटं हळूहळू फिरवली. मग मला म्हणाली, आत हात घाला. माझा पंजा जाईना, दोन बोटं कशीबशी गेली. मला काही लागलं नाही.

तिला लागलं होतं. बाहेरून ठोकलेल्या ठिपक्यांचा उठाव आत आला होता, आणि आत माझं चाक पोचलं नव्हतं. तांब्यात नुसतं पाणीच भरत असल्यानं आतून कल्हईसुद्धा नव्हती. वर्षानुवर्षं घासून ते उठाव अगदी पुसट झाले होते. केसाचा फरक बोटाला कळतो, अशी बढाई मी सगळ्या टूलरूममध्ये मारायचो आणि माझी बोटं तिथे बहिरी ठरली. ती मात्र गोधडीच्या खालच्या बाजूनं सुई कुठे निघते ते न बघता ओळखणारी. तिनं सांगितलं, हा काना, ही वेलांटी.

मग पुढचं काम माझं होतं. आत जिथे उठाव आहे, बाहेर बरोबर तीच जागा कशी शोधायची? मी लोखंडी सळईचा एक चिमट्यासारखा आकडा केला. एक पाय तांब्यात जाणारा, दुसरा बाहेर राहणारा, आणि दोन्हींची टोकं समोरासमोर अशी की मध्ये कागद धरला तर दोन्ही टोकं एकाच ठिपक्यावर यावीत. आतलं टोक गोल घासलं, बाहेरच्याला पेन्सिलचं शिसं बसवलं. साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत केला तो. नोकरीत मी कितीतरी अवघड हत्यारं घडवली, पण इतका जीव लावून एकही नाही.

गुरुवारी आम्हाला सुट्टी असायची. जेवणं झाली की आम्ही दारातल्या उजेडात समोरासमोर बसायचो. तांब्या तिच्या मांडीवर. ती डोळे मिटून एक उठाव शोधायची, आकड्याचं आतलं टोक बोटानं त्यावर आणून ठेवायची, मान हलवायची, की मी बाहेरचं टोक दाबायचो. एक ठिपका. मग पुढचा. मी म्हणायचो, हलू नकोस. ती म्हणायची, गप बसा, हरवतंय. एकदा मी घाई केली आणि ठिपका चुकीच्या जागी पडला, तर तिनं पदरानं पुसून मला पहिल्यापासून करायला लावलं. शेजारणी येऊन बघून जायच्या. नवरा-बायको एका तांब्याला एवढं काय धरून बसलेत, हे त्यांना कळेना.

असे चार गुरुवार गेले. ठिपक्यांची रेघ झाली, रेघांची अक्षरं झाली. पहिलं अक्षर ऐसपैस मोठं, कारण लिहिणारीला पुढच्या जागेचा अंदाज नव्हता. मग जागा कमी पडते आहे हे कळल्यावर पुढची अक्षरं दाटीवाटीनं, आणि ओळ वर वर चढत गेलेली. मी तेच बघत राहिलो. हीच अक्षरं मी वेडीवाकडी म्हणून घासली होती. सासूबाईंची आणि माझी खरी ओळख त्या चौथ्या गुरुवारी झाली. भर बाजारात खडू हातात घेणारी ती बाई मला फार मोठी वाटली, आणि तिच्या लेकीपुढं मी फार लहान.

ठोकायची वेळ आली. मी हातोडी तिच्यापुढं धरली, कारण माझ्या हातावर माझाच भरवसा उरला नव्हता. तिनं ती परत माझ्याकडे सारली. "तुमीच ठोका. तुमचा हात सराईत हाय." ज्या हातानं पुसलं त्याच हाताला तिनं ते काम दिलं. आतून टेकण म्हणून एक वाकडी दांडी घालून मी एक एक ठिपका ठोकत गेलो, ती तांब्या धरून बसली. शेवटच्या अक्षराशी आलो. त्याच्या खालच्या टोकाचे तीन-चार ठिपके आत कुठेच सापडले नव्हते, झिजून गेले असावेत. ते कुठे असणार हे उघड होतं, डोळे मिटून घालता आले असते. अर्धवट जॉब मला कधी बघवला नाही. मी पेन्सिल टेकवली, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"न्हाई. आईचं घावलं तेवढंच."

"आणि उरलेलं?"

"ते ऱ्हाऊ द्या. तेवढी जागा तुमची."

ती हसत होती की नाही ते मला अजून सांगता येत नाही, पण मनगट तिनं बराच वेळ सोडलं नाही.

पुढं तो तांब्या रोज पाण्याला वापरात राहिला. घरी पाहुणे आले, पाणी पिता पिता कुणी विचारलं की हे शेवटचं अक्षर अर्धंच कसं, तर ती नुसती माझ्याकडे बघे. मग मी सांगायचो की ते मी पुसलं. समोरचा विचारायचा, मग पुरं नाव काय आहे? तेव्हा मी माझ्या सासूबाईंचं नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्यानं सांगायचो.