यमुनामावशीचा न विकाचा गडवा

यमुनामावशी गवळीण आता नाई राह्यली. सिंदीत आमच्या गल्लीत यायची ते डोक्यावर म्हशीच्या दुधाचा गंज, म्हंजे मोठं पातेलं, अन् हातात येक लहानसा पितळी गडवा घेऊन. गंज साऱ्या गावाले, गडवा फक्त माया तान्ह्या बबल्याले, अन् त्याचा पैसा ती घे ना. मायं दूध आटलं होतं, म्हशीचं नुसतं पाजलं का पोराले जुलाब होत, म्हून मीच म्हटलं होतं, मावशी, उकळलेलं पानी अर्धं टाकूनच आनत जाय. हाटेलवाल्यानं येकदा गडवा मांगतला तं म्हने, "तुया चहाले काय दात यायचे हाय? गंजातलं घे!"

येक दिवस गल्लीत भेसळ तपासनाऱ्या सरकारी साहेबाची जीप आली. साहेबानं गंजातलं दूध बाटल्यांत भरलं, लाखेचं सील मारलं, अन् गडव्याकडं हात केला. मावशीनं गडवा पदराखाली घेतला.

"हे विकाचं नाई."

शिपाई हासला, "पानी असन त्यात, साहेब!"

"हाय ना. अर्धं पानी हाय."

"बाई, केस होईल, जेल होईल. कोणासाठी नेताय?"

मावशी नाव काढे ना. मी दाराआड, हे कापसाच्या जिनिंगात कामाले गेलते, बोलली तं पोरासकट मलेच नेतील असं वाटे, अन् मावशीले नेलं तं उद्या पोराले काय पाजू, मंग गेलीच भाईर बबल्याले काखेत घेऊन, "साहेब मीच सांगतलं पानी टाकाले, पोराले पचत नाई!"

मावशी माह्यावरच खेकसली, "तुले कोनं बलावलं वं? जाय आंदर, लेकरू भेवून राह्यलं!"

साहेबानं पोराकडं पाह्यलं. "पाणी घालून आणणं गुन्हाच आहे. दूध निव्वळ आणा, पाणी ह्या घरी घालतील. आज सोडतो."

गंजातला नमुना मंग चांगलाच निघाला.

दुसऱ्या दिवशी गडव्यात निव्वळ दूध. मी पान्याचा तांब्या धरला तं किती टाकू कळे ना. मावशी पह्यल्यांदा उंबरठ्याच्या आत आली, बबल्याच्या पोटावर दोन बोटं दाबली, म्हने, "आज अर्धंच." मंग रोजच तसं. "आज जरासं कमी कर. भेऊ नको वं, तुयं पोरगं काचेचं नाई."

येक दिवस पोट दाबून तिनं तांब्याच बाजूले सारला. मी नाई नाई म्हनत राह्यली, बबल्यानं गटागटा पेलं. दिवसभर मी त्याचं लंगोट पाहत बसली. काईच नाई झालं. सकाळी सांगतलं तं मावशीनं गंज उतरवला, साऱ्यायले देते तसंच माप भरलं.

"झालं," म्हने, "आता हा बी गिऱ्हाईक."