बापूचा डावा कान

माझा धाकटा भाऊ बापू डाव्या कानानं ठार बहिरा होता. मला हे तो गेल्यावर कळलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून तीन कपाटं उपसली. एकही धड लावून झालं नाही.

डोक्यात एकच आहे. गाडीत मी त्याला एकदा जे बोलले, ते त्याला ऐकू गेलं का?

बापू उद्यमनगरात बाबांचं गॅरेज चालवायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "तिसरा सिलिंडर बोलतोय."
लोक पार कुरुंदवाडहून गाड्या घेऊन यायचे, ते त्याच्या कानासाठी.

तो कान उजवा.

डाव्याचं कळलं असतं तर गिऱ्हाईक टिकलं नसतं. म्हणून त्यानं कुणाला कळू दिलं नाही. माहीत होतं फक्त सलीमला, गॅरेजातल्या इलेक्ट्रिशियनला. हवा भरताना टायर फुटला आणि बापूचा कान गेला, तेव्हा तो तिथंच होता.

पन्नाशीत बापूनं स्वतःच्या जुन्या गाडीत साउंड सिस्टीम करायला घेतली. तयार आणून बसवायची नाही. सगळी हातानं.

डिकीत बसेल असा प्लायवूडचा बॉक्स. आत हवा किती मावणार, त्यातली किती जागा स्पीकर खाणार, सगळं गणित पेन्सिलनं प्लायवरच मांडलेलं. मी बी.एस्सी., उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेलं. चूक काढायची म्हणून ते गणित तपासलं.

चूक नव्हती.

मग दोन्ही दारांत छोटे स्पीकर बसवून ॲम्प्लिफायर जोडला, तर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी. बापू आणि सलीम आठवडाभर त्या शिट्टीमागं. शेवटी अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा ती गेली.

"ताई, बस. तुझ्या आवडीचं लावतो."

मी त्याच्या शेजारी, डावीकडं बसले. गाणं सगळं त्याच्या बाजूच्या दारातून येत होतं.

"हे काय रे? माझ्याकडं काहीच वाजत नाही."
"असू दे की, ताई."
"असू दे कसं? स्टिरिओ म्हणजे दोन बाजू. तबला इकडून, पेटी तिकडून, वेगळं यायला पाहिजे. कान घरी ठेवून आलास काय?"

सलीम उगाच पान्हे पुसायला लागला.

बापू हसला. "चुकलं असंल. खोलतो."

त्यानं दार खोललं, वायरी सोडल्या, पुस्तकात असते तशी जोडणी केली. होईपर्यंत मी शेजारी उभी होते.

त्याचं काही चुकलं नव्हतं. सगळं गाणं एका कानात यावं म्हणून त्यानं दोन्ही बाजू मुद्दाम उजव्या दारात एकत्र आणल्या होत्या.

हे सलीमनं मला दिवाळीत सांगितलं, फराळाला आला तेव्हा.

"तेव्हाच का नाही बोललास?"
"शपथ घातलीती त्यानं. म्हणला, ताईला कळलं तर गॅरेज बंद कराय लावंल."

खरं आहे. लावलं असतं.

"मग माझ्या माघारी परत बदलायचं होतं."
"मी म्हणलो की. तर म्हणला, ताईनं उभं राहून करून घेतलंय, राहू दे. अर्धं तर अर्धं."

म्हणजे आमच्या सगळ्या फेऱ्या अशाच झाल्या. दर रविवारी तो मला कळंब्याला तलावावर न्यायचा. तो गाडी चालवणार, मी त्याच्या डाव्या हाताला. जाता-येता मी बोलायची. गुडघे, भाचरं, शेजारी.

"व्हय ताई."

मला वाटायचं, वयानं शहाणा झाला.

अशाच एका रविवारी परत येताना, गाणं चालू असताना, मी चाळीस वर्षं न बोललेलं बोलले. रस्त्याकडं बघत बोलले. त्याच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही.

"व्हय ताई," म्हणाला आणि गिअर बदलला.

मला वाटलं, माफ केलं.

फराळाच्या ताटावर मी सलीमला विचारलं, "ऐकू गेलं असेल का रे त्याला?"
"गाणं चालू हुतं?"
"हो."
"मोठ्यानं?"
"नेहमीसारखं."

त्यानं हातातली करंजी परत ताटात ठेवली. मग म्हणाला, "न्हाय सांगता येत, ताई."

त्या दिवसापासून बसवत नाही एका जागी. म्हणून इथं फेसबुकवर लिहिते. नातेवाईक वाचतील, वाचू देत.

बापू, दहावीनंतर तुझं शिक्षण थांबवायचं मत बाबांचं नव्हतं, माझं होतं. गॅरेजात बाबांना कुणीतरी हाताखाली हवं होतं. पगारी माणूस ठेवला तर माझी फी निघाली नसती, आणि मला कॉलेज सोडायचं नव्हतं.
तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला तेव्हाही माहीत होतं.

चुकलं माझं.

भावपूर्ण श्रद्धांजली बाकीचे लिहितील. मला एवढंच लिहायचं होतं.

तुझी ताई